घरी बिअर बनवायचं (ब्रूइंगचं) नवंकोरं सामान: पहिल्या बॅचआधी नुसतं विसळलं तर चालेल का?

कच्चा_माल:
खोकं काल आलं. ३० लिटरचं स्टीलचं पातेलं (खाली बॉल व्हॉल्व्ह), प्लास्टिकचा फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) आणि त्याची तोटी, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप), सायफनची नळी, हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी), उकळलेला रस थंड करायची तांब्याची कॉइल, शिवाय सॅनिटायझरची एक छोटी बाटली. सगळं चकचकीत. मी नुसतं विसळून घेणार होतो. सहज म्हणून पातेल्यात कोरडा टिश्यू फिरवला, तर तो काळा झाला! दोनदा साबणाने धुतलं, तरी काळाच. हे काय आहे? घरात ब्लीच आहे, ते वापरू का? आणि सॅनिटायझर मिळालंच आहे तर साबणाची गरज काय? शनिवारी पहिली बॅच लावायची आहे.

एकच_घोट:
फार विचार करू नका राव. सगळ्यावर उकळतं पाणी ओता, झालं. मी दोन वर्षं तेच करतोय.

तळगाळ:
थांबा, सगळ्यावर नको! उकळत्या पाण्याने माझ्या काचेच्या कार्बॉयचा (बिअर आंबवायच्या मोठ्या बाटलीचा) तळ करवतीने कापावा तसा गोल सुटून आला होता. नशीब, रिकामा होता. पीईटी प्लास्टिकची भांडी उकळत्या पाण्याने वेडीवाकडी होतात. हायड्रोमीटरला तर गरम पाणी दाखवूच नका.

आता तुमचा काळा टिश्यू. ते पॉलिशचं उरलेलं आहे, कारखान्यातलं. ते तेलकट असतं म्हणून साबणाला पटकन दाद देत नाही. फडक्यावर थोडं खायचं तेल घेऊन आतून चोळा, मग साबण आणि गरम पाणी, मग कोरड्या फडक्याने पुसून बघा. फडकं पांढरं राहीपर्यंत हेच चालू ठेवायचं, मला चार वेळा करावं लागलं. त्यानंतर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने धुवा, पृष्ठभागावरचं सुटं लोखंड निघून जातं. मग स्वच्छ पाण्याने धुऊन उघडं ठेवून वाळू द्या, हवेत गंज रोखणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर आपला आपण धरतो. तारेची घासणी मात्र लांब ठेवा, नाहीतर महिन्याभरात गंजाचे ठिपके मोजत बसाल.

साबण बिनवासाचा घ्या. वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि बिअरमध्ये उतरतो. साबण अंगाला राहिला तर बिअरचा फेसही टिकत नाही. फर्मेंटरला मऊ फडकंच लावा. चरा पडला की तिथे जंतूंचं बिऱ्हाड झालंच.

ब्लीच नकोच. स्टीलला खड्डे पाडतं. नीट धुतलं गेलं नाही तर क्लोरीन वर्टमधल्या (बिअर होण्याआधीच्या गोड रसातल्या) फेनॉलांशी जुळून औषधी वासाचं क्लोरोफेनॉल तयार होतं, मग बिअर पिताना दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

राहिली तोटी. ती खोला, कितीही नवी असली तरी. माझ्या पहिल्या तीन बॅचेस आंबट होऊन बिघडल्या. मी यीस्ट बदललं, पाण्याला दोष दिला, झाकण बदललं. दर वेळी तोटीतून सॅनिटायझर सोडत होते, म्हणून तिच्यावर संशयच नाही. शेवटी वैतागून ती कोमट पाण्यात भिजत टाकली आणि अंगठ्याने दाबली, तर आतलं नळकांडं वेगळं निघालं. दोन नळकांड्यांच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत थर! सॅनिटायझर मधल्या भोकातून वाहत होतं, या फटीत कधी शिरलंच नव्हतं. नव्या तोटीत तो थर नसेल, पण साच्याचं तेल आणि प्लास्टिकचा कीस असू शकतो. तुमचा बॉल व्हॉल्व्हही तसाच खोला. वायसर कुठल्या क्रमाने बसतात त्याचा आधी फोटो काढून ठेवा. (मी काढला नव्हता. पहिल्याच दिवशी ओटाभर पाणी.)

दीड_मिली:
तळगाळ ताईंना अनुमोदन. सॅनिटायझरचं विचारलंत म्हणून: ते मळ काढत नाही, स्वच्छ पृष्ठभागावरचे जंतू मारतं. मळाच्या थराखाली ते पोचतच नाही. आधी धुणं, मग सॅनिटायझर.

कशाला लावायचं? उकळी बंद झाल्यावर वर्ट ज्याला ज्याला शिवणार त्या सगळ्याला. पातेलं स्वच्छ असलं की पुरे, तासभर उकळणारच आहे. कॉइलवरचं तेल साबणाने काढा, व्हिनेगरने पुसून धुवा आणि उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत पातेल्यात सोडा, वेगळं काही करायला नको.

बाटली स्टार सॅनसारख्या ॲसिडच्या सॅनिटायझरची असेल तर प्रमाण लिटरला साधारण १.५ मिली, तरी लेबल वाचा. एक-दोन मिनिटं ओलं राहू द्या, निथळा, परत धुऊ नका. फेस राहिला तरी घाबरू नका.

पुढे वाळलेला यीस्टचा थर काढायला सोडियम परकार्बोनेट घ्या. कोमट पाण्यात घालून फर्मेंटर भिजत ठेवायचा, घासावं लागत नाही. पण झाकण घट्ट लावू नका, ऑक्सिजन सुटत राहतो. ॲल्युमिनियमला ते चालत नाही.

एकच_घोट:
माझी तोटी दोन वर्षांत एकदाही खोललेली नाही. आज खोलतो.

कच्चा_माल:
तेलाने काम झालं! तिसऱ्या फेरीत फडकं पांढरं. तोटी खोलली, आत नखाएवढा प्लास्टिकचा कीस निघाला. व्हॉल्व्हचा फोटो काढला होता, तरी एक वायसर उरलाय. पाणी भरून ठेवलंय, अजून गळत नाहीये. हा कुठला असेल?

तळगाळ:
फोटो टाका. आणि तो सापडेपर्यंत शनिवारची घाई नको.

एकच_घोट:
खोलली. फोटो टाकत नाही, लोक जेवत असतील.