लॅपटॉपची रॅम वाढवायची आहे, सोबत ग्राफिक्स कार्ड पण टाकायचंय, जमेल का?

टॉवेल_डिझाइनवाला
नमस्कार मंडळी, सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरचं टॉवेल-चादरीच्या डिझाइनचं काम आहे. लॅपटॉप २०१८ चा, आय५ ८२५०यू, रॅम ८ जीबी, एसएसडी मागेच टाकून घेतलीय. फोटोशॉपमध्ये मोठा स्कॅन उघडून चार-पाच लेयर चढवले की अडकायलाय, त्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब चालूच ठेवावं लागतं कारण पार्टी तिकडूनच फोटो टाकते आणि लगेच रंग बदलून मागते. आता नवीन खूळ म्हणजे पार्टीला चादर बेडवर टाकल्यासारखी थ्रीडीत बघायचीय, म्हणून ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकायलोय, तिथं तर रेंडर, म्हणजे शेवटचं चित्र तयार करायला, लावून जेवून यायचं. डिस्प्लेच्या माहितीत ग्राफिक्स मेमरी फक्त १२८ एमबी दाखवतंय. एक दुकानदार म्हणायलाय रॅमसोबत ४ जीबीचं ग्राफिक्स पण बसवून देतो, लॅपटॉप दोन दिवस ठेवून जा. खरंच बसतं का? नवीन घ्यायचं सध्या जमणार नाही, बाजार थंड आहे.

आसरा_चौककर
लॅपटॉप ठेवून येऊ नका तिथं, आधी हे. तुमचं ग्राफिक्स म्हणजे यूएचडी ६२०, ते प्रोसेसरच्याच आत आहे, काढायचं काय आणि बसवायचं काय? ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स असतं त्यातसुद्धा चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, आणि तुमच्या बोर्डावर तर तिला जागा नाही, करंट द्यायचं सर्किट नाही, हीटसिंकची नळी तिथवर जात नाही, बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, तिला ओळखणार नाही. पूर्वी काही जाड वर्कस्टेशन लॅपटॉपात एमएक्सएम नावाचं कार्ड असायचं, ते बदलता यायचं. हल्ली फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची मॉडेलचं ग्राफिक्स मॉड्यूल निघतं. बाकी सगळीकडे विषय बंद.

आणि त्या १२८ एमबीवर जाऊ नका. तेवढी फक्त आधीच राखून ठेवलेली असते, पुढे लागेल तशी ते ग्राफिक्स तुमच्याच रॅममधून मेमरी घेतं, विंडोजमध्ये साधारण निम्म्या रॅमपर्यंत. म्हणजे रॅम वाढवली की ग्राफिक्सला पण आपोआप मोकळं होतं. आधी टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथं जाऊन स्पीड आणि स्लॉट किती ते बघा, शक्य असेल तर मागचं कव्हर उघडून बघा. मग सांगतो काय घ्यायचं.

टॉवेल_डिझाइनवाला
उघडलं. स्लॉट एकच आहे, त्यात ४ ची पट्टी, बाकीचे ४ बोर्डावरच चिकटवलेले दिसतात. स्पीड २४००. आता १६ ची टाकली तर दोन्हीकडे सारखी नाही म्हणून अडचण येईल का? भाऊ म्हणतो ४ ला ४ च जोडी पाहिजे.

होटगीरोड_हार्डवेअर
भावाला सांगा अर्धं बरोबर आहे. ४ आणि १६ मिळून २० होतील, त्यातले पहिले ४ अधिक ४ असे ८ जीबी ड्युअल चॅनेलवर, म्हणजे दोन वाटांनी एकदम, पळतात आणि उरलेले १२ सिंगलवर, इंटेलच्या प्रोसेसरला हे चालतं. ८ ची टाकली तर एकूण १२ होतील. स्लॉट एकच असल्यामुळे ८ घेऊन सहा महिन्यांनी परत काढून विकत बसण्यापेक्षा एकदाच १६ घ्या असं माझं मत. लॅपटॉपची डीडीआर४ सांगायची, म्हणजे सोडिम, २६० पिनांची, १.२ व्होल्ट. ३२०० ची मिळाली तरी घ्या, ती २४०० वर चालेल. डीडीआर५ चुकूनही नको, खाचच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. भाव सध्या बेकार चढलेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळा माल ओढलाय, म्हणून सेकंडहँड पट्टी मिळाली तरी हरकत नाही, फक्त घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावा आणि एकही एरर आली तर सरळ परत.

बसवताना चार्जर काढा, आतला बॅटरीचा कनेक्टर पण काढा, मग पट्टी तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, लगेच घाबरून बटन दाबू नका.

जुगाडू_बे
एक्सटर्नल ग्राफिक्स लावा की बे! एसएसडीच्या एम.२ स्लॉटमधून अ‍ॅडॉप्टर काढून डेस्कटॉपचं कार्ड चालवतात लोक.

आसरा_चौककर
चालवतात, पण त्याची एसएसडी त्याच स्लॉटात असली तर ती कुठं ठेवायची? शिवाय कार्डाला करंट द्यायचा एसएमपीएस वेगळा, मॉनिटर वेगळा, कव्हर कायम उघडं. थंडरबोल्ट, म्हणजे बाहेरून ग्राफिक्स जोडता येईल असा वेगवान पोर्ट, असता तर निदान विचार केला असता. एवढं सगळं टेबलावर मांडायचं तर सेकंडहँड डेस्कटॉप काय वाईट?

अशोकचौक_जुना
पूर्व भाग म्हणालात म्हणून विचारतो, घराला लागून माग आहेत का? असतील तर कव्हर उघडंच आहे तोवर पंखा पण काढून बघा. आमच्या गल्लीतले लॅपटॉप मी उघडतो त्यात पंखा वरून स्वच्छ दिसतो, पण पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे सुताची तूस बसून नमद्यासारखा थर झालेला असतो, चिमट्याने धरला की अख्खी पट्टीच निघते. वरून ब्लोअर मारून ती जात नाही, उलट आत दाबली जाते. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच स्पीड कमी करतो. तुमचा ८२५०यू मूळ १.६ गिगाहर्ट्झचा, टर्बोत ३.४ पर्यंत जातो. रेंडर चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये स्पीड १.६ च्या खाली यायला लागला तर रॅम कितीही टाका, फरक कळणार नाही. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी थर्मल पेस्ट पण बदलून टाका, एवढ्या वर्षांत वाळून खडखडीत झाली असेल, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं.

टॉवेल_डिझाइनवाला
काका, निघाली की हो तूस! शेजारी माग आहेतच. १६ ची पट्टी उद्या बघतो. ब्लेंडरचं मात्र काय, रॅमने रेंडर पळेल का?

होटगीरोड_हार्डवेअर
नाही. फोटोशॉप आणि व्हॉट्सअ‍ॅप एकत्र सुटसुटीत चालेल, रेंडर प्रोसेसरवरच होणार. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या बारकाईने रेंडर करणाऱ्या इंजिनात, सॅम्पल कमी करून डीनॉइज, म्हणजे दाणे पुसायची सोय, लावा, चादरीच्या प्रिव्ह्यूला तेवढं बास होतं, आणि पार्टीला नुसता अंदाज दाखवायचा असेल तर ईव्ही या ब्लेंडरच्याच झटपट इंजिनावर काढा. जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, फाइल तर मुळातच हलकी, तिला ग्राफिक्स लागतच नाही. थ्रीडीचे पैसे पार्टी वेगळे द्यायला लागली की मग डेस्कटॉपचं बघू, तेव्हा इथंच विचारा.