जिवावरचं शेपटीवर निभावलं: जुनी लढाऊ विमानं, त्यांची इंजिनं आणि आपले अनुभव

ओझरची_चिमणी
मंडळी, सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ची शेवटची उड्डाणं झाली, तो व्हिडिओ काल घरच्या ग्रुपवर कुणीतरी परत टाकला. आई शेजारी झोपली होती म्हणून आवाज बंद करून बघत होते. तरी ऐकू आलाच. ओझरला वाढलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय.

आमच्या लहानपणी मिग डोक्यावरून गेलं की वर्गातली तावदानं खुळखुळायची. बाई फळ्यावर खडू टेकवून तशाच थांबायच्या, आवाज सरला की पाढा पुढे. उतरताना शेपटीतून पॅराशूट फुलायचा, तो बघायला आम्ही कुंपणापाशी. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने ते जमिनीला टेकतं हे तेव्हा कुठे ठाऊक!

बाबा ओझरच्या विमान कारखान्यात जोडणीला होते. घरी कामाचं अवाक्षर काढायचे नाहीत. पण एकदा पाळी संपून तीन-चार तास उलटले तरी पत्ता नाही. आई भाकरी झाकून बसलेली. आले ते रात्री, चेहरा उतरलेला. एक वॉशर कमी भरत होता. बोटाच्या पेराएवढा. तो सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, विमान पुढे जाणार नाही. सगळ्यांनी खिसे उलटे केले, जमीन कुंच्याने झाडली, शेवटी एकाच्या बुटाच्या तळाला रुतलेला मिळाला. आई म्हणाली, एवढ्याशा चकतीसाठी? तर बाबा म्हणाले, ती आत राहिली असती तर वरच्या पोराला उतरायला दुसरं इंजिन नाहीये.

तुमच्याकडे असे किस्से असतील तर लिहा. विमान कुठलंही चालेल, जुनं हवं.

द्राक्षबाग
अगं ओझर!! कुठलं क्वार्टर? टाईप टू की थ्री? आम्ही ७९ ते ९१.

ओझरची_चिमणी
टाईप टू, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. तुम्ही शाळेत कुठल्या बॅचला?

द्राक्षबाग
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. माझे वडील मधे ओडिशात कोरापुटला होते, मिगची इंजिनं तिकडे बनायची ना. आईला तिकडची थंडी अजून आठवते. बाकी आठवणी लिहितो सावकाश, आत्ता दुकानात गिऱ्हाईक आहे.

येरवड्याचा_बंड्या
मिग नंतरचं हो. आमच्या लहानपणी लोहगावला कॅनबेरा होती, बॉम्बर विमान. तिचं इंजिन सुरू करायला काडतूस लागायचं, बंदुकीसारखंच. धडाम् आवाज आणि काळ्या धुराचा लोट. नवा माणूस हमखास आग आग म्हणून ओरडणार.

आमच्या शेजारचे काका तिच्यावर नॅव्हिगेटर. आता नीट ऐका. त्या बॉम्बर कॅनबेरात पायलटला इजेक्शन सीट (संकटात माणसासकट विमानाबाहेर उडणारी खुर्ची), नॅव्हिगेटरला नाही! तो खाली नाकाडात पालथा. काही झालं तर छातीला पॅराशूट अडकवायचा, सरपटत दारापाशी जायचं आणि उडी टाकायची. एका रात्री उजव्या इंजिनाच्या आगीचा दिवा लागला. पायलट म्हणाला, तयार राहा. काका दाराशी उकिडवे, कडी हातात, खाली मिट्ट काळोख. पायलटने ते इंजिन बंद केलं, एकावर परत आणलं. खाली येऊन बघतात तर आगबिग काही नाही, वायरिंगमधली गडबड, दिवाच खोटारडा.

काकू सांगायच्या, त्यानंतर हे एसटीतसुद्धा 'संकटकालीन मार्ग' लिहिलेल्या खिडकीशीच बसतात, मग मागे कितीही हाडं खिळखिळी होवोत.

फुलपात्र
😂😂 काकांना साष्टांग

सांबारवडी
जुनं विमान नाही पण लिहिते. गेल्या पावसाळ्यात मुंबईला उतरताना दोनदा चाकं टेकता टेकता परत वर. शेजारच्या आजींनी रामरक्षा सुरू केली, 'करौ सीतापतिः पातु'पर्यंत आल्या आणि अडकल्या. मागच्या रांगेतल्या जीन्सवाल्या मुलाने पुढचं म्हटलं. अख्खं विमान टाळ्या.

बंडू_नाना
त्याला गो-अराउंड म्हणतात ताई, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

सांबारवडी
तुम्ही नव्हतात ना तिथे. झालं तर मग.

निवृत्त_फिटर
नमस्कार. मी वायुसेनेत इंजिन फिटर. डकोटा या मालवाहू विमानावर बरीच वर्षं. मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

डकोटाचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वास्प. १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन ओळी, गोल मांडलेले. विमान रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. तसंच बटण दाबलं तर पिस्टन वर येणार, तेल काही दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकणार. म्हणून सकाळी पहिलं काम, पंखा हाताने फिरवायचा. एकेक पातं मोजत. मधेच कुठे अडलं तर जोर करायचा नाही. खालच्या सिलिंडरचे प्लग काढायचे, तेल गाळायचं, मग पुढे. नवीन पोरं ताकद दाखवायला जायची, त्यांना आमच्या सार्जंटच्या शिव्या.

आसामात जोरहाटला असताना पहाडी चौक्यांवर तांदूळ टाकायला जायचो. तांदूळ दुहेरी-तिहेरी गोणीत, अर्धवट भरलेला, म्हणजे आपटला तरी गोण फुटू नये. दार काढलेलं असायचं. दरीत शिरलो आणि डावं इंजिन फाड फाड करायला लागलं, मग गेलंच. कॅप्टनने पंखा फेदर केला, म्हणजे पाती वाऱ्याला कडेने लावली, नाहीतर तोच पंखा ब्रेक लावतो. समोर डोंगर, उंची कमी होतेय. मागे ओरडून सांगितलं, सगळं बाहेर! आर्मीची सप्लायवाली पोरं आणि मी, लाथेने, पाठीने, जसं जमेल तसं गोण्या ढकलल्या. शेवटी माझा टूलबॉक्स पण गेला. दरीच्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा झाडांचे शेंडे दारातून दिसत होते, पानं वेगळी दिसावीत इतके.

उतरल्यावर कॅप्टनने सिगरेट दिली. मी ओढत नव्हतो. त्या दिवशी ओढली.

येरवड्याचा_बंड्या
काका __/\__ अजून लिहा प्लीज. वेगळा धागाच काढा.

फुलपात्र
टूलबॉक्सची नोंद कशी केली पण? पैसे कापले का 😀

निवृत्त_फिटर
कापले नाहीत. कागद मात्र पुष्कळ लिहावे लागले.

टेम्सकाठची_तायडी
इथे (इंग्लंडात) डक्सफर्डच्या विमान संग्रहालयात नवऱ्यामागे नाईलाजाने गेले होते, आता मीच तिकिटं काढते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायर लढाऊ विमानाचं मर्लिन इंजिन, २७ लिटरचं, बारा सिलिंडर. डोक्यावरून गेलं की छातीत घुमतं.

वॉशरवरून आठवलं. सुरुवातीच्या मर्लिनमध्ये एक खोड होती. झटकन नाक खाली घालून सूर मारला की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उचललं जायचं आणि इंजिन खोकायचं, कधी बंदच. जर्मनांच्या मेसरश्मिटला फ्युएल इंजेक्शन, त्यामुळे मागे स्पिटफायर लागलं की ते सरळ खाली बुडी मारून पसार. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईने उपाय काढला. काय, तर पेट्रोलच्या नळीत बसवायची मधे भोक असलेली एक चकती. विमानतळांवर फिरून बसवून दिली. ही बाई ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकल ताशी शंभर मैलांच्या वर पळवायची. पुरता इलाज नंतर नव्या कार्ब्युरेटरने झाला, पण तोवर त्या चकतीने बरेच जीव वाचवले असणार.

ओझरची_चिमणी
अय्या, परत वॉशरच! बाबांना सांगायला हवं होतं हे.

एरंडाचं_गुऱ्हाळ
माझ्या नावाला जागतो. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत वंगण कुठलं, तर एरंडेल! अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरायचं आणि न जळालेलं एरंडेल पायलटच्या तोंडावर. दिवसभर हुंगून, गिळून पोटाचं काय होत असेल ते ज्याच्या आजीने रविवारी सकाळी नाक दाबून पाजलंय त्याला सांगायला नको. वर शत्रू मागे, आणि खाली... असो.

गंमत बाजूला, तसल्याच इंजिनाच्या सॉपविथ कॅमल लढाऊ विमानावर आपले हरदित सिंग मलिक होते. २६ ऑक्टोबर १९१७ ला जर्मनांनी घेरलं, पायात गोळ्या घुसल्या, तरी विमान आपल्या हद्दीत आणून पाडलं. त्या गोळ्या जन्मभर पायातच राहिल्या. त्यांनी ससेक्सकडून क्रिकेटही खेळलंय, पुढे फ्रान्समध्ये राजदूत झाले. शाळेत का शिकवत नाहीत हे?

दहिसरचा_दाद्या
ते सगळं ठीक, पण मिगला उगाच डोक्यावर घेऊ नका. उडती शवपेटी म्हणायचे ते काय उगीच?

कोयनाकाठ
दाद्या, माझा मावसभाऊ मिगवर होता. गेला. मावशीसमोर हा शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला आहे. इथे नको, एवढीच विनंती.

दहिसरचा_दाद्या
सॉरी. खरंच माहीत नव्हतं.

निवृत्त_फिटर
कोयनाकाठ, मावशींना नमस्कार सांगा.

स्वच्छंदी_शमा
पटकन लिहिते, कुकर लावलाय. कॉलेजात असताना ग्लायडिंग शिकले. विंचने दोर ओढून वर न्यायचे. निम्म्यावर दोर तुटला, फाट्. मी काठी धरून नुसती बघत राहिले, शेजारी बसलेल्या सरांनी ती पुढे ढकलली, नाक खाली, समोरच्याच धावपट्टीवर टेकवलं. वेग गेला की संपलं, म्हणून आधी नाक खाली. ज्याला इंजिनच नाही त्याला इंजिन बंद पडायची भीती नाही असं सर म्हणायचे 😊 घरी सांगितलं नाही. हे वाचून आईला कळेल आता.

शमाची_आई
कळलं.

फुलपात्र
मेले 😂😂😂

बंडू_नाना
मी जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर गेलोय, मुंबईत संग्रहालय होतं तेव्हा. डेकवर सी हॉक आणि अलीझे विमानं. नंतर भंगारात काढली, त्यातलं थोडं पोलाद वापरून बजाजने व्ही मोटारसायकल काढली. माझ्याकडे आहे. अजून झकास चालते.

द्राक्षबाग
नाना, ॲव्हरेज किती देते?

बंडू_नाना
पन्नासच्या पुढे. हायवेला जास्त. विकायची नाहीये, आधीच सांगतो.

सांबारवडी
मुलाला हा सगळा धागा वाचून दाखवला, आता 'खरं लढाऊ विमान बघायचंय' म्हणून मागे लागलाय. मुंबईत कुठे?

येरवड्याचा_बंड्या
वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या बागेत मारुत ठेवलंय. एचएफ-२४. आपल्याकडेच बनलेलं, डिझाइन कुर्ट टँकचं, ज्याने जर्मनांचं फोकेवुल्फ १९० लढाऊ विमान केलं तोच. देखणं एकदम, पण शेवटपर्यंत त्या अंगाला साजेसं इंजिन काही मिळालं नाही, दोन ऑर्फियस इंजिनांवरच भागवलं. गोव्याला गेलात तर बोगमाळोचं नौदलाचं संग्रहालय बघा, तिथे तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन विमान आहे.

सांबारवडी
मारुतला हात लावू देतात का? हा लावणारच.