'उगं जाऊन येऊ' मधलं 'उगं'

मागच्या जूनमधली गोष्ट. आई-अण्णा औशाहून आमच्याकडं म्युनिकला आले होते. रविवार होता. इथं रविवारी दुकानं बंद असतात, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नसतो. आईनं सकाळी धपाटे केले, सवयीनं चार-सहा जास्तीचेच. मग खिडकीत जाऊन उभी राहिली अन् म्हणाली, "उगं जाऊन येऊ की रे कुठं तरी."

कुठं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. धपाटे अन् शेंगाची चटणी डब्यात भरली, अण्णांनी टोपी घातली अन् निघालो. इथं लोकल गाडीला एस-बान म्हणतात. पाच मोठ्या माणसांना चालणारं दिवसभराचं एकच तिकीट मिळतं, ते काढलं. फलाटावर पहिली आली ती सहा नंबरची गाडी, तिच्यात बसलो. श्टार्नबेर्ग आलं तसं खिडकीतून तळं दिसलं अन् अण्णा उठून उभेच राहिले. म्हणून उतरलो.

रुळाच्या पलीकडं थेट पाणीच. तळं वीसेक किलोमीटर लांब, अन् त्या दिवशी हवा स्वच्छ होती म्हणून दक्षिणेला आल्प्सचे डोंगर दिसत होते. अण्णा काठावर बसले, बाही वर केली अन् कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस काढलेला माणूस. मी म्हटलं, "अण्णा, बाकड्यावर बसा." आई म्हणाली, "असू दे. उगं बसू दे त्यास्नी." अर्धा तास ते तसेच बसले होते.

एका दिवसात एकच शब्द दोन अर्थांनी तिच्या तोंडून आला. सकाळचा 'उगं' म्हणजे काही कारण नसताना. दुपारचा 'उगं' म्हणजे गप्प, शांत.

पुढं जेवायला झाडाखाली गेलो. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या प्रांतात, बिअरगार्टनमध्ये (झाडाखालच्या बिअरच्या बागेत) घरचा डबा नेलेला चालतो, प्यायचं तेवढं तिथलं घ्यायचं. ही रीत 1812 पासूनची आहे. राजानं बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरापाशी बिअर विकायची मुभा दिली, पण पावाशिवाय खायचं काही विकायचं नाही असं बजावलं. तेव्हापासून लोक शिदोरी घेऊन येऊ लागले. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर तिथं डबा उघडायचा नाही, उघड्या टेबलावर खुशाल उघडायचा. आईला हे काही पटेना. तिनं डबा मांडीवर धरून पदराआड पहिलं धपाटं मोडलं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईनं बघितलं, हसली, तेव्हा डबा वर आला. अर्धं धपाटं तिकडं गेलं, तिकडून मुळ्याच्या मीठ लावलेल्या चकत्या आल्या.

आज कुठं निघालात, असं त्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, काहीच ठरवलं नव्हतं. त्या लगेच म्हणाल्या, "आख, फार्ट इन्स ब्लाउअ!" म्हणजे 'निळ्यात जाणं'. मुक्काम न ठरवता निघण्याला जर्मनमध्ये हे तयार नाव आहे. साध्या सहलीला 'आउसफ्लूग' म्हणतात, बाहेर उडणं.

आईनं विचारलं, "काय म्हणल्या?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग आपण उगं आलाव म्हणून सांग." मला ते जर्मनमध्ये सांगता आलं नाही. अन् खरं सांगायचं तर प्रमाण मराठीतही येत नाही. 'उगीच आलो' म्हटलं की पस्तावल्यासारखं वाटतं. 'सहल' म्हटलं की शाळेची चिठ्ठी, वर्गणी अन् एसटी डोळ्यांपुढं येते. 'अवचित' बोलण्यात कुणी वापरत नाही. 'आयत्या वेळी'मध्ये धावपळ आहे. 'उठसूट' तर बोल लावायचाच शब्द.

तर तुमच्याकडं अशा दिवसाला काय म्हणतात? अन् 'उगं' ह्या अर्थानं चालतो का?

परभणीहून :

आमच्याकडं 'उगं' रागावायलाच लागतो. "उगं कामून खर्च करायलास?" "उगं माझ्या नादी लागू नको." तुमच्या आईंनी गोडीनं म्हटला म्हणून तो गोड झाला. मी 'सहज' म्हणेन. "सहज चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं." त्यात कुणावर ठपका नाही.

उदगीरहून :

'सहज' बरा आहे, पण त्याला भाजीभाकरीचा वास नाही. तुम्ही डबा घेऊन झाडाखाली बसला, अनोळखी माणसाला पंगतीला घेतलं, ही आमच्या भाषेत येळवस झाली. आमच्या घरात हे सर्रास चालतं. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या ती खरी येळवस. रानात कडब्याची कोप (खोपी), तिच्यात पाच पांडव म्हणून पुजलेले दगड, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, अन् बांधावरून जाणाऱ्या माणसालाही जेवल्याबिगर सोडायचं नाही. पण माझी आजी जूनमध्येसुद्धा, आंब्याखाली चौघं जण भाकरी सोडून बसले की म्हणायची, "आज येळवसच झाली की."

शब्दाचं म्हणाल तर बोलण्यात अमावस्येची 'आवस' होतेच, 'आवस-पुनव' म्हणतोच आपण. येळ अन् आवस मिळून येळवस. हा 'येळ' मात्र 'वेळ' नसावा असं मला वाटतं. सीमेपलीकडं बिदरकडं हिलाच एळ्ळ अमावास्ये म्हणतात, अन् कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. तिळाच्या पोळ्या आपल्याकडंही त्या दिवशी होतात. 'एळ्ळ'चं 'येळ' झालं अन् ते शुद्ध करायला गेलेल्यांनी 'वेळ' लिहिलं, असा माझा अंदाज.

छत्रपती संभाजीनगरहून :

चक्कर. "एक चक्कर मारून येऊ" म्हणत पावसाळ्यात म्हैसमाळ गाठतो आम्ही.

नांदेडहून :

आमच्या गल्लीत निम्मी घरं दखनी बोलणारी. तिथं ह्याला "ऐसाइच निकले" म्हणतात. ह्यातला 'च' आपला आहे, मराठीतून दखनीत गेलेला, उत्तरेच्या उर्दूत तो सापडत नाही. आपलं 'असंच' तिकडं जाऊन 'ऐसाइच' झालं. शेजारच्या खाला दारात चपला घालताना दिसल्या अन् कुठं म्हणून विचारलं तर एवढंच उत्तर मिळायचं, अन् पुढं कुणी काही विचारायचं नाही. मी 'असंच'ला मत देते. 'उगं'मध्ये कारण नाही म्हणून थोडी खंत आहे. 'असंच'मध्ये कारण विचारूच नका, असं आहे.

औशाचा, म्युनिकहून :

सगळ्यांची उत्तरं आईला फोनवर वाचून दाखवली. 'चक्कर' तिला मान्य नाही. चक्कर मारणारा माणूस तासाभरात माघारी येतो अन् डबा नेत नाही. येळवसीचा मुद्दा ऐकून मात्र ती गहिवरली. त्या दिवशी झाडाखाली तिच्याही मनात तेच आलं होतं म्हणे, पण परमुलखात, बिअरच्या गाड्यावर येळवसीचं नाव कसं घ्यावं म्हणून गप्प राहिली.

परभणीकरांचा आक्षेप खरा आहे. मी मोजून बघितलं तर दिवसातून दहा वेळा येणारा आमचा 'उगं' नऊ वेळा अडवणाराच असतो. तरी मी तो सोडत नाही, ह्याचं कारण अण्णा. 'सहज'मध्ये अन् 'असंच'मध्ये तो दुसरा, गप्प बसण्याचा अर्थ येत नाही. तान्ह्या लेकराला "उगी, उगी" म्हणतो तोही हाच शब्द. अण्णांचा पाण्यातला हात मला आठवतो तो ह्या शब्दासकटच. निळ्यात जाण्याचं नाव जर्मनांकडं आहे, पण काठावर पोचल्यावरचं त्यात काही नाही.

नांदेडच्या ताईंचा 'च' मी घरी वापरून बघितला. "उगंच जाऊन येऊ" म्हटल्याबरोबर बायको म्हणाली, "मग कशाला जायचं?" तेव्हा आमचा 'उगं' बिनचाचाच ठेवावा लागेल.

एक नवी अडचण लेकीनं काढली आहे, तिच्यावर तुमचं मत हवं. ती सात वर्षांची, शाळा जर्मन, मराठी घरातली. तिनं ह्या शब्दाचं नामच करून टाकलंय. शनिवारी रात्री विचारते, "बाबा, उद्या उगं आहे का?" मागच्या आठवड्यात तिनं आजीला फोनवर सांगितलं, "आजी, ह्या महिन्यात आमची दोन उगं झाली." आजीनं एका शब्दानं दुरुस्त केलं नाही. उलट विचारलं, "दुसऱ्या उग्याला धपाटे कुणी केले गं माय?"

म्हणजे सामान्यरूपही झालं. 'उग्याला', 'उग्यात', 'उग्याचे धपाटे'. लिंग नपुंसकच धरायचं ना?