जिन्यातल्या प्रत्येक लँडिंगला स्प्रिंकलर हवेत का?

कोथरूडची_रहिवासी
आमची इमारत पार्किंग अधिक ११ मजल्यांची. फायरचं काम करणाऱ्या कंत्राटदाराने जिन्यातल्या प्रत्येक लँडिंगला स्प्रिंकलर (आगीत आपोआप पाणी फवारणारं तोंड) बसवायचा प्रस्ताव दिलाय आणि कमिटी जवळजवळ तयार आहे. माझा विरोध आहे, आणि तो खर्चासाठी नाही.

आरसीसीचा जिना स्वतः पेटत नाही. आगीत माणसं दगावतात ती बहुतेक धुराने. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते. लाल द्रवाची नळी ६८ अंशांना फुटते, तेव्हाच पाणी सुटतं. तळातला धूर आठव्या मजल्यावर पोचेपर्यंत बराच निवतो. त्याने नळी फुटेलच असं नाही, पण त्यातला कार्बन मोनॉक्साइड तेवढाच घातक असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत गोरेगावला तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आग लागली, धूर वरच्या मजल्यांवर गेला आणि किमान ७ जणांचा जीव गेला. आमच्याकडे जिन्याखालीच महावितरणचे मीटर आहेत, समोर दुचाकींची रांग आणि आता त्यात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर. मग स्प्रिंकलर पार्किंगमध्ये बसवा आणि पार्किंग व जिन्याच्या मध्ये आपोआप बंद होणारं फायर डोअर लावा.

वानवडीकर
ताई, मी असहमत आहे. जिन्यात जळण्यासारखं काही नसतं, हे फक्त नकाशावर. प्रत्येक मजल्यावर चपलांचं लाकडी कपाट, रद्दीचे गठ्ठे, कुणाचा तरी जुना सोफा. मी सेक्रेटरी असताना नोटिसा लावल्या, घरोघरी जाऊन विनवण्या केल्या. चार दिवस जिना मोकळा, मग पुन्हा तेच. पाचव्या मजल्यावरचं कपाट पेटलं तर वरच्या सगळ्यांची वाट बंद. थेट डोक्यावर स्प्रिंकलर असेल तर ते कपाट तिथल्या तिथे दबेल. आणि एक फुटला की सगळे सुरू होतात असंही नाही, जो तापतो तोच फुटतो. माणसांच्या सवयी बदलायची वाट बघत बसायचं का?

पाषाणचा_आजोबा
माझे दोन्ही गुडघे दुखतात. पायऱ्यांवरून पाणी वाहत असेल, दिवे गेलेले असतील, तर मी कठड्याला धरूनही उतरू शकणार नाही. आधी बॅटरीवर चालणारे दिवे लावा.

वानवडीकर
काका, दिवे हवेतच. पण ओल्या पायऱ्यांवरून बसत बसत तरी उतरता येतं, पेटलेल्या कपाटाशेजारून नाही.

फायर_डिझाइनवाला
अमेरिकेच्या एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या मानकात न जळणाऱ्या बांधकामाच्या बंद जिन्याला स्प्रिंकलर सांगितलेत ते मुख्यतः दोन ठिकाणी: शाफ्टच्या (जिन्याच्या उभ्या पोकळीच्या) माथ्यावर आणि तळाशी पहिल्या लँडिंगखाली. खाली लोक सामान कोंबतात, हे त्यामागचं कारण. जिनाच जळणाऱ्या साहित्याचा असेल तर मात्र प्रत्येक टप्प्याखाली लागतात. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा भर जिना धुरापासून वाचवण्यावर आहे. विजेची शाफ्ट, एसीचे डक्ट, गॅसचे पाइप जिन्यात उघडायचे नाहीत. पुण्यातल्या जुन्या इमारतींत फ्लॅटचं दार आणि लिफ्टही लँडिंगवरच उघडते. तिथे बंद जिन्याचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून वानवडीकरांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

दाबाचंही बघा. ८० के-फॅक्टरच्या (ठराविक दाबाला किती पाणी सुटतं त्याचा आकडा) एका स्प्रिंकलरला १ बार दाबावर मिनिटाला ८० लिटर पाणी लागतं आणि १० मीटर उंचीमागे साधारण १ बार मिळतो. गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावर अकराव्या मजल्याला जेमतेम धार येईल. दाब वाढवणारा बूस्टर पंप नसेल किंवा तो मॅन्युअलवर, म्हणजे हाताने सुरू करण्यावर, ठेवलेला असेल, तर वरचे स्प्रिंकलर शोभेचे. आणखी एक: पाण्याच्या फवाऱ्याने निवलेला धूर खाली बसतो. अरुंद जिन्यात उतरणाऱ्यांना तो थेट नाकातोंडात जातो.

कोथरूडची_रहिवासी
फ्लॅटची दारं लँडिंगवरच उघडतात हा मुद्दा पटला. पण त्यावर उपाय दारं चांगली करण्याचा आहे. आमच्या जिन्याला मुळात सिमेंटची जाळी होती, धूर बाहेर जायला तीच वाट. कबुतरं आणि पावसामुळे ती पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यांनी बंद केली. ते पत्रे काढायला काय लागतं? एक सुतार आणि एक दिवस.

वानवडीकर
पत्रे काढा, माझा पूर्ण पाठिंबा. पण त्याने कपाटं जात नाहीत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घेऊन द्यायचा असतो. त्या वेळी एजन्सीला प्रत्येक लँडिंगचे फोटो काढायला लावा, मग सामान ठेवणाऱ्याच्या नावाने नोटीस काढता येईल. तेवढं सहा महिने करून दाखवलंत तर मी स्प्रिंकलरचा आग्रह सोडतो.

फायर_डिझाइनवाला
मीटरवर थेट पाणी पडेल असा स्प्रिंकलर मात्र लावू नका. मीटर जिन्याखालून हलवून वेगळ्या खोलीत न्या, महावितरणकडे अर्ज करावा लागेल.

कोथरूडची_रहिवासी
मीटर, फायर डोअर, पत्रे आणि फोटो, चारही ठराव रविवारच्या सभेत मांडते. कबुतरांसाठी पत्र्यांऐवजी नायलॉनची जाळी लावली तर चालेल ना?

फायर_डिझाइनवाला
नायलॉन वितळून जळते थेंब पडतात. स्टीलची घ्या.