फक्त काळी चारमध्येच गिटार घुमते, काय करू?

सहातारी:
मंडळी, भावगीतांच्या कार्यक्रमात मी गिटारची साथ करतो. साधी ड्रेडनॉट (मोठ्या पोटाची गिटार) आहे, ब्रिजखाली पिएझो पिकअप (थरथर टिपून तिचा विजेचा सिग्नल करणारा), कडेला तो सिग्नल वाढवणारा प्रीअँप. गेल्या शनिवारी एका मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. वर पत्रा, मॉनिटर (आम्हाला आमचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) माझ्या पायाशी. दादांची गाणी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, ती छान झाली. ताई काळी चारमध्ये गायला बसल्या आणि पहिल्याच ओळीला गिटारमधून ‘घूंऽऽ’ सुरू झालं. तळव्याने सगळ्या तारा दाबल्या तरी थांबेना. ताई आलाप अर्धवट सोडून थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं डोळ्यांसमोरून जात नाही. साउंडवाल्यांनी माझा चॅनेल पार खाली घेतला, पुढे गिटार कुणाला ऐकूच गेली नाही.

काळी चारला मी पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून जीचे कॉर्ड-आकार धरतो. काळी एकला कॅपो तिथेच, आकार सीचे. घरी छोट्या अँपवर काही त्रास नाही. कोजागरीला याच संचाचा कार्यक्रम आहे. गिटार बदलावी लागेल का?

खर्ज:
बदलू नका. उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. गिटारचं पोट म्हणजे तोंडावर फुंकर मारली की वाजणारी बाटली. ड्रेडनॉटमध्ये त्या हवेचा स्वतःचा सूर बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास असतो. आणि पहिल्या घरात कॅपो, जीचा आकार, म्हणजे सहाव्या तारेवरचा तुमचा खालचा सा पडतो १०४ हर्ट्झवर. ताईंचा सा आणि गिटारच्या पोटाचा सूर जवळजवळ एकच! तो मॉनिटरमधून सुटतो, भोकातून पोटात शिरतो, फळी हलवतो, पिएझो ती थरथर उचलतो आणि पुन्हा मॉनिटरला देतो. तारा दाबून थांबलं नाही, कारण घुमत होती ती हवा. काळी एकला तुमचा सा पाचव्या तारेवर, १३९ हर्ट्झला. म्हणून तेव्हा शांतता.

खात्री करून घ्या. तारांवर रुमाल ठेवा, तोंड भोकाजवळ न्या आणि अगदी खालच्या सुरात ‘ऊऽऽ’ म्हणत सावकाश वर चढा. एका जागी अख्खी गिटार छातीशी थरथरेल. तोच तिचा सूर, फोनवरच्या ट्यूनरवर बघून लिहून ठेवा.

भोकात बसणारं रबरी झाकण मिळतं, ते आधी घ्या. बाटलीचं तोंडच बंद. नुसती वाजवताना गिटार बसकी वाटते, पण प्रेक्षकांना पिकअपचा आवाज जातो, त्यात फारसा फरक पडत नाही. पोटात कापड कोंबायचा सल्ला कुणी देईल. मी करून पाहिलंय, लाकडाचा गोडवा जातो. प्रीअँपवर फेजचं (लाट उलटी करणारं) बटण असेल तर घुमायला लागल्यावर दाबून बघा. बटण नसेल तर मॉनिटरपासून दीड-पावणेदोन मीटर मागे सरका. १०४ हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबी साधारण तेवढीच, त्यामुळे परिणाम तोच, शिवाय अंतर वाढल्याचा फायदा वेगळा.

मिक्सरमागचा:
वरचं सगळं बरोबर. माझ्या बाजूचं सांगतो. तबला-ढोलकीसाठी आम्ही सब (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) लावतो. गिटारचा तळ त्यात उतरला की स्टेजच्या फळ्यासुद्धा घुमतात. म्हणून गिटारच्या चॅनेलला लो कट (ठरावीक आकड्याखालचे सूर गाळणारा) मागून घ्या, १०० हर्ट्झचा चालेल. मग तुमच्या त्या एका सुरावर अरुंद कट (तेवढाच सूर कमी करणारा), सहा डेसिबलपासून सुरुवात. चॅनेलवर कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ-उतार सपाट करणारा) असेल तर काढायला सांगा, घुमणं लवकर सुरू होतं त्याने. मॉनिटर भोकाच्या समोर नको, बाजूला वळवा.

आणि कळकळीने सांगतो, साउंड चेकला हाताला सोपं तेच वाजवू नका. काळी चारचा सा वाजवा, मला मॉनिटर घुमेपर्यंत वर न्यायला सांगा, मग कट लावून खाली आणू. दहा मिनिटांचं काम आहे. आम्हाला कुणी आधी सांगतच नाही की त्रास कोणत्या सुराला होतो. मग कार्यक्रमात आमच्या हातात चॅनेल खाली ओढणं एवढंच उरतं.

डीचा_आकार:
एक आणखी वाट. कॅपो सहाव्या घरात लावून डीचे आकार धरा. सूर काळी चारच, पण सा चौथ्या तारेवर जातो, २०८ हर्ट्झला. १०४चा सूर हाताखाली येतच नाही. मात्र वरच्या फळीचा स्वतःचा सूर पुष्कळदा २००च्या जवळपास असतो, तेव्हा हेही घुमवून तपासा. ढोलकीच्या गाण्यांना हा आवाज मला उलट जास्त आवडतो, ठेक्यातून वेगळा निघतो.

सहातारी:
खर्ज, रात्री रुमाल ठेवून ‘ऊ’ केलं. जी आणि जी शार्पच्या मधोमध गिटार अशी थरथरली की आई आतून बघायला आली. आठ वर्षं ही गिटार वाजवतोय, तिचा सूर काल कळला. झाकण मागवलंय. ताईंशी बोललो, संचाला स्टेजवर तासभर आधी बोलावलंय आणि साउंडवाल्यांना १०४चा आकडा फोनवर कळवलाय. संथ गाणी जीच्या आकारातच ठेवतो, तो खालचा सा मला सोडवत नाही. ढोलकीची दोन गाणी सहाव्या घरात बसवतोय.