मदत हवी आहे : डंडीच्या जुन्या मतदारसंघातली मतांची टक्केवारी कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या जुन्या मतदारसंघावर मी एक टिपण लिहितेय आणि एका हिशेबात अडकलेय.

एकेकाळी आपल्या बंगालचा ताग कातणारं हे शहर. 1950 पर्यंत हा एकच मतदारसंघ दोन खासदार निवडायचा. नंतर पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. 1908 च्या पोटनिवडणुकीत इथून चर्चिल निवडून आले. त्याच वेळी दारूबंदीवाल्या एडविन स्क्रिमजर यांना जेमतेम 655 मतं पडली. गडी मात्र हटला नाही. 1922 मध्ये, सहाव्या खेपेला, 32,578 मतं घेऊन तो पहिला आला! मजूर पक्षाच्या मोरेल यांना 30,292, तर चर्चिल 20,466 मतांवर चौथे. ही चिकाटी वाचून मला खरंच भरून आलं.

अडचण अशी, की प्रत्येक मतदाराला दोन मतं होती आणि कुणी एकच वापरलं तरी चालत असे. मग टक्केवारी काढताना एकूण मतांनी भागायचं की मतदान केलेल्या माणसांच्या संख्येने? दोन्ही आकड्यांत खूपच फरक पडतो.

आपल्याकडेही 1952 आणि 1957 ला द्विसदस्य मतदारसंघ होते; बाबासाहेब 1952 ला मुंबईत हरले तोही तसलाच. त्या निकालांवर कुणी काम केलं असेल तर तुम्ही कोणती पद्धत वापरलीत, ते कृपया सविस्तर सांगा. आणि एकच मत वापरण्याला मराठीत रुळलेला शब्द आहे का?