रेड डेड रिडेम्पशन २ : एवढं डोक्यावर घेण्यासारखं त्यात नेमकं काय आहे?

सदाशिव_सॅडल (प्रश्न):
रॉकस्टार कंपनीचा २०१८ चा हा काउबॉय टोळीचा व्हिडिओ गेम प्लेस्टेशन ४ (पीएस४) वर खेळतोय, दुसरा चॅप्टर संपत आलाय. जग देखणं आहे, त्यात वाद नाही. पण ज्या स्वातंत्र्यासाठी रॉकस्टारची आरती ओवाळली जाते, ते मिशनमध्ये सापडत नाही. मिनिमॅपवरच्या (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरच्या) पिवळ्या रेषेपासून घोडा जरा लांब नेला की मिशन फेल. सोबत्याला मागे टाकलं की फेल. मागच्या बाजूने चढून वरून नेम धरावा म्हटलं तर तेही चालत नाही. याच कंपनीच्या २००१ च्या जीटीए ३ या गेममध्ये माफिया डॉन साल्वातोरे क्लबातून निघून घरी पोचायच्या आत त्याला संपवायचं, एवढंच सांगितलेलं असायचं. वाट अडवा नाहीतर लांबून उडवा, तुमचं तुम्ही बघा. १७ वर्षांत पुढे गेले की मागे? पुढे खेळू की डिस्क विकून टाकू?

तळजाई_ट्रिगर:
तक्रार रास्त आहे. या गेममध्ये दोन गेम आहेत. मिशनच्या बाहेर सगळं नियमांवर चालतं: हरणाचं तीन ताऱ्यांचं कातडं हवं तर धनुष्याने डोक्यात किंवा काळजात एकच बाण, सशाला व्हार्मिंट रायफल (लहान प्राण्यांसाठीची बंदूक), शॉटगन मारली की कातड्याची चाळण. मिशन सुरू झालं की हे नियम गुंडाळून ठेवतात आणि संहिता चालू होते. लेखकाला ठराविक संवाद ठराविक वळणावर ऐकवायचा असतो, म्हणून तुमचा घोडा त्याच वळणावर हवा.

बाहेरचं स्वातंत्र्यही सगळीकडे नाही. आपल्या नायकाला, आर्थरला, नकाशावरच्या न्यू ऑस्टिन भागात नेऊन बघा. कुठूनशी गोळी येते आणि खेळ खलास. मारणारा दिसतच नाही, कारण तिथे कोणी नसतंच. ते दार एपिलॉगपर्यंत (शेवटच्या उपसंहारापर्यंत) बंद ठेवायचं असतं. थंडीत घोड्याचे वृषण आकसतात इतकी बारकाई करणाऱ्यांना साधा तुटका पूल दाखवता आला नाही?

पैशाचंही तेच. टोळी कंगाल म्हणून तिचा म्होरक्या डच तासभर भाषण देतो आणि लिंपनी या जळक्या गावात शेरीफच्या टेबलाखालच्या पेटीत सोन्याची वीट पडलेली असते. चोरीचा माल घेणारा दलाल तिचे सरळ ५०० डॉलर देतो. दुसऱ्याच चॅप्टरमध्ये गरिबी संपली.

कर्वेरोड_काउबॉय:
मिशनबद्दल सहमत. पण निम्मी चिडचिड कंट्रोलरच्या बटणांची असते आणि ती कमी होते. घोड्यावरून उतरण्याआधी एल१ दाबून लांब बंदूक निवडा, नाहीतर ती खोगिरालाच राहते आणि चकमकीत हातात नुसतं पिस्तूल. एल२ ने माणसाशी बोलायचंही असतं आणि नेमही धरायचा असतो. म्हणून गावात शिरताना एल१ टिचकवून हत्यार म्यानात घाला, नाहीतर ‘राम राम’ करायला जाल आणि दुकानदारावर बंदूक रोखाल. ट्रँगलने घोड्यावर चढायचं आणि त्यानेच माणसाला धरायचं, त्यामुळे गर्दीत घोड्याच्या अगदी अंगाशी जाऊनच दाबा. नेम जड वाटत असेल तर कंट्रोल्समध्ये डेडझोन (काडी हलवूनही नेम न हलणारा टप्पा) कमी करा, ॲक्सिलरेशन (नेम वेग घेण्याचा दर) वाढवा. सोबत्याच्या बाजूला आल्यावर एक्स टिचकवू नका, धरून ठेवा; घोडा त्याच्या चालीने चालतो आणि पुढे गेल्याचं फेल होत नाही.

आणि पुणेकरांसाठी खास: मिशन चालू असताना सेव्ह होत नाही. चेकपॉइंट (मिशनमधले मधले टप्पे) गेम चालू असेपर्यंतच. गुरुवारी दुरुस्तीला वीज जाणार असेल तर सकाळी मोठं मिशन धरू नका, अर्ध्यात गेली तर पहिल्यापासून.

हडपसर_हेडशॉट:
पीसीवर घ्यायचा विचार असेल तर १५० जीबी जागा लागते, तेव्हा आधी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात एसएसडी (वेगवान डिस्क) बघा. एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) बंदच ठेवा, फ्रेम खातं आणि दिसण्यात फार फरक पडत नाही. वॉटर फिजिक्सची पट्टी निम्म्यावर आणा. गेम अडखळत असेल तर ग्राफिक्स सेटिंगमधले व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ हे दोन्ही पर्याय बदलून बघा.

सदाशिव_सॅडल:
आणि कंपनीचं काय? आठवड्याला १०० तास राबवल्याचं अभिमानाने सांगतात म्हणे.

तळजाई_ट्रिगर:
ते अर्धवट फिरतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉकस्टारचा सहसंस्थापक डॅन हाउझर १०० तास म्हणाला खरा, पण नंतर खुलासा केला की ते चार लेखकांपुरतं आणि तीन आठवड्यांपुरतं होतं. तरी बढाई मारायची गोष्ट ती नव्हेच. मला जास्त खुपतं ते याच गेमच्या ऑनलाइन आवृत्तीचं: जुलै २०२२ मध्ये सांगून टाकलं की आता मोठे अपडेट नाहीत. कौतुक करणारे हे सोयीस्कर विसरतात.

डिस्क इतक्यात विकू नका. तिसरा चॅप्टर सावकाश खेळा, भटकायला तोच मोकळा. चौथ्याच्या शेवटी सेंट डेनिस शहरातली बँक लुटायचं मिशन येतं. त्याआधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह ठेवा, कारण तिथून थेट ग्वार्मा बेटावर नेऊन टाकतात आणि तिथे तर रुळावरून हलूच देत नाहीत. कॅम्पमधल्या लोकांनी मागितलेल्या वस्तू आणि टोळीतल्या सावकार स्ट्रॉसची वसुलीही वेळेत उरका, चॅप्टर बदलले की ती कामं गळतात.

सदाशिव_सॅडल:
लिंपनीला जाऊन आलो. वीट आहे. पण विकायला गेलो तर दलालाचं दुकान उघडंच नाही.

कर्वेरोड_काउबॉय:
टोळीतल्या होजियाबरोबरचं एमराल्ड रँचचं मिशन राहिलंय तुमचं. ते झाल्याशिवाय तो माल घेत नाही. आणि हो, पिवळी रेषा सोडू नका.